गाडी कोणती घेऊ, मामू?

वलिम्याच्या जेवणात बिर्याणी समोर आली की कोणी ना कोणी माझ्या शेजारी सरकून बसतो आणि हळूच विचारतो, "गाडी घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?" मी मेकॅनिक नाही, कुठल्या शोरूमशी माझा संबंध नाही. सारी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, आता निवृत्त आहे. पण गाड्यांचे वेड लहानपणापासूनचे आणि ते साऱ्या खानदानाला ठाऊक. मुलीसाठी स्थळ बघायला न्यावे तसे लोक गाडी बघायला मला नेतात. मी बॉनेट उघडून नुसता वाकलो तरी विकणारा दोन-चार हजार उतरवतो, असे माझा भाचा म्हणतो.

या वेळी विचारणारा तो भाचाच होता. दहा-बारा वर्षे शारजात नोकरी करतो. बायको आणि दोन मुले तिकडेच. गावी, खेडजवळ, आई-वडिलांसाठी आता घर बांधून झाले आहे आणि दारात गाडी हवी आहे. त्याने मोबाइलवर यादीच करून आणली होती. पहिलाच प्रश्न, "मामू, सनरूफवाली घेऊ का? पोरं मागे लागली आहेत."

सनरूफबद्दल माझे मत मी कुणालाही न विचारता सांगतो. आपल्या कोकणात चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने डोक्यावर ऊन. ती काच उघडायची कधी? उघडली जाते ती लग्नाच्या वरातीत, आणि त्यातून दोन पोरे कमरेपर्यंत बाहेर काढून उभी केली जातात. मागच्या हिवाळ्यात मी हे पनवेलच्या पुलावर पाहिले. गाडी चांगली पन्नासच्या वेगात, मुले हात हलवताहेत, आत बसलेली आई खालून व्हिडिओ काढते आहे. वरून एखादी लोंबती वायर आली, पतंगाचा मांजा आला, की काय होईल ते सोडा. नुसता ब्रेक दाबावा लागला तरी त्या छपराची कड पोराच्या बरगडीत बसते. भाच्याने हे ऐकून घेतले आणि यादीत सनरूफपुढे प्रश्नचिन्ह टाकले. खोडले मात्र नाही, हे मी पाहिले.

गाडी चालवायला मला चाचांनी शिकवले. ते मुंबईत टॅक्सी चालवत. काळी-पिवळी पद्मिनी. आताच्या मुलांना सांगावे लागते की तिचा गिअर खाली नव्हता, स्टिअरिंगच्या दांड्याला होता. सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे आणि पावसात काचेवर वाफ धरली की कापडाने पुसत चालवायची. १९८४ साली रविवारी पहाटे रे रोडच्या मोकळ्या रस्त्यावर आमची शिकवणी चाले. पहिले दोन रविवार चाचांनी मला गाडी हलवूच दिली नाही. आरशात बघ आणि मागे काय चालले आहे ते मोठ्याने सांग, एवढेच. "पुढं तर सगळेच बघतात," ते म्हणत. त्यांचे दुसरे शिक्षण असे, की समोरच्या गाडीचा ड्रायव्हर झोपलेला आहे असे समजून अंतर ठेवायचे. चाळीस वर्षांनंतर पुस्तकांत वाचले तर हिशेब तोच निघतो. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यातच सेकंद-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीस मीटर रस्ता संपलेला असतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. चाचांना हे गणित येत नव्हते, अंतर मात्र येत होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. चाचा त्याच्या बऱ्याच आधी गेले. पट्टा नावाची वस्तू त्यांच्या टॅक्सीत मी कधी पाहिली नाही.

माझी स्वतःची पहिली गाडी म्हणजे मारुती ८००, अर्थातच जुनी घेतलेली. १९८३ च्या डिसेंबरात ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत ४७,५०० रुपये होती, आणि तेवढी रक्कम आमच्या घरात कुणी एकत्र पाहिली नव्हती. मी घेतली ती तेरा वर्षांनी, तिसऱ्या मालकाकडून. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे ते इवलेसे इंजिन, पण पाच माणसे, ईदचे सामान, परतीला आंब्याच्या दोन पेट्या घेऊन कशेडी चढायची. आजच्या उंच, रुंद गाड्या बघतो तेव्हा वाटते की माणसे तेवढीच आहेत, लोखंड वाढले. भाच्याच्या यादीतल्या सातपैकी पाच गाड्या अशाच होत्या. आमच्या गावाच्या पाखाडीतून त्यांतली एकही सरळ वळणार नाही.

बाकी माझी मते थोडक्यात अशी. पांढरा रंग चांगला, उन्हात कमी तापतो आणि रात्री लांबून दिसतो. "किती देते?" हा प्रश्न महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्याने विचारू नये. वय झालेल्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. मी घेतली आहे आणि माझ्या मर्दानगीला काही झालेले नाही. समोर जाड लोखंडी गार्ड बसवू नये. त्यावर सरकारने २०१७ मध्येच बंदी आणली, आणि कारण बरोबर आहे. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चेपला जावा आणि त्याने मार गिळावा, अशी ती बनवलेली असते. गार्ड तो मार थेट चासीत पोचवतो, शिवाय एअरबॅगचा सेन्सर फसतो. टायर घेताना त्याच्या कडेवर छापलेले शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात नवा कोरा दिसणारा टायर पाच वर्षे माळ्यावर पडलेला असू शकतो.

आणि जुनी गाडी पाहायला गेलो की मी सगळ्यात आधी मागचा पट्टा ओढतो. पूर्ण, शेवटपर्यंत. लोक हसतात. २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूण पाण्याखाली गेले, शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, सीट बदलून पुन्हा विकायला आल्या. सगळे स्वच्छ करतात, पण गुंडाळीच्या आत राहिलेला पट्टा कोणी बाहेर काढून धूत नाही. ओढला की मातीची रेघ दिसते. पाणी कुठवर आले होते ते तिथे कळते. मागचा पट्टा आधी ओढण्याचे माझे दुसरेही एक कारण आहे, त्याकडे येतो.

घाटाबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. आमच्या बाजूची निम्मी माणसे मुंबईत आणि निम्मी आखातात, पण दोघांनाही घरी यायला घाट उतरावा लागतोच. कशेडीला आता बोगदा झाला, परशुराम घाटही रुंद होतो आहे, तरी आड गावांचे रस्ते तसेच आहेत. चाचांचा नियम होता, जो घाट ज्या गिअरात चढशील तो त्याच गिअरात उतर. उतारावर गाडीला इंजिनाने धरून ठेवावे, ब्रेकने नव्हे. सतत ब्रेक दाबून उतरले की तो तापतो, जळका वास येतो आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. हा वास आला की गाडी बाजूला घ्यावी आणि अर्धा तास उतरून चहा प्यावा. आमच्याकडे अजूनही काही शहाणे उताराला गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचते म्हणून. कार्बोरेटरच्या जमान्यात थोडे वाचतही असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागते. म्हणजे पैसेही गेले आणि गाडीही हातातून गेली. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही आता विसरले गेले आहे. चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलणे कठीण जाते, उतरणाऱ्याचे काय, तो थांबू शकतो. हा शिष्टाचार नाही, नियमात लिहिलेले आहे.

आता शारजाकडे वळू. माझ्या भाच्याइतका शिस्तीचा ड्रायव्हर तिकडे शोधून सापडणार नाही. चार वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट तिथे २०१७ पासून सक्तीची आहे, पुढच्या सीटवर बसायला मूल दहा वर्षांचे किंवा १४५ सेंटिमीटर उंच असावे लागते, मागे बसलेल्यानेही पट्टा लावायचा, नाहीतर ४०० दिरहम दंड. तीन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो होतो. भाच्याची धाकटी तेव्हा दीड वर्षाची. तिला सीटमध्ये बसवून चार ठिकाणी बांधेपर्यंत तो इंजिन चालू करत नसे. ती रडरड रडायची, आजी कळवळायची, तो ढिम्म.

त्याच वर्षी डिसेंबरात मी त्यांना मुंबई विमानतळावर घ्यायला गेलो. भाड्याची मोठी गाडी केली होती. सामान छपरावर चढले आणि भाचा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, धाकटीला मांडीवर घेऊन. ना सीट, ना पट्टा. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामू, इथं कोण विचारतंय?"

खरे तर इथेही विचारतात. चौदा वर्षांखालचे मूल पट्टा किंवा खास सीटशिवाय बसवले तर हजार रुपये दंड आपल्या कायद्यात २०१९ पासून आहे. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या सीटवाल्यांनाही पट्ट्याची सक्ती झाली. त्याच्या आधी दोन महिने, सप्टेंबरात, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. महागडी गाडी, एअरबॅग असलेली. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. चार दिवस घरोघरी त्याची चर्चा झाली. पाचव्या दिवशी आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाने पट्ट्याचा टिंग-टिंग आवाज बंद करायला बाजारात मिळते ते नुसते बक्कल आणून खाचेत अडकवले. पुढे २०२३ मध्ये सरकारी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती बक्कले विकणे बंद करायला लावले. त्या शेजाऱ्याचे अजून चालू आहे.

मांडीवरच्या मुलाचे थोडे स्पष्ट सांगतो, कारण आया म्हणतात, "मी घट्ट धरलंय ना." ताशी ५० च्या वेगात गाडी भिंतीला आदळली तर आत बसलेल्याला बसणारा मार तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. तिथून पडताना हातातले मूल कोणी धरून ठेवू शकेल का? शिवाय पुढच्या सीटवर एअरबॅग असते. ती पापणी लवायच्या आत फुगते, आणि तिचे काम पट्टा लावलेल्या मोठ्या माणसाला झेलायचे आहे. मध्ये मूल असेल तर तेच तिच्या तडाख्यात सापडते.

हे सगळे मी भाच्याला विमानतळावर बोललो नाही. बोलायला मला तोंड नव्हते.

२००९ ची ईद सप्टेंबरात होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पनवेलहून गावी निघालो. पुढे मी आणि माझी बीवी, मागे अम्मी आणि सात वर्षांची लेक. गाडी माझी दुसरी, तिला घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिच्यावर माझा किती जीव होता ते सांगून पटणार नाही. रोज सकाळी कामावर जाण्याआधी कापड मारायचो. ईदच्या आठवड्यात मुद्दाम कुर्ल्याला जाऊन सीट कव्हर बसवून घेतली, विटकरी रंगाची, दोन्ही कडांना पांढरी शिलाई. मागची सीट तर सोफ्यासारखी दिसायला लागली. एक सुरकुती नाही. सुरकुती नव्हती, कारण पट्ट्यांची बक्कले कव्हरच्या खाली दाबून टाकली होती. बसवणाऱ्या पोराने विचारले होते, "बक्कल बाहेर काढू का? कापावं लागेल." मी म्हणालो, "कापू नकोस, खराब दिसेल. मागे कोण लावतं?"

कोलाड सोडले तेव्हा दिवस मावळत होता. मधूनच सर येऊन गेलेली, रस्ता ओला. तेव्हा हा हायवे दोनच पदरी होता. मी साठच्या आसपास असेन. एका वळणापलीकडे ट्रक बंद पडून उभा होता, दिवे नाहीत, मागे चार दगड आणि एक झाडाची फांदी ठेवलेली. पलीकडून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर होता. फांदी दिसली तेव्हा ट्रकही दिसला. ब्रेक दाबला, गाडी घसरली, डावा कोपरा ट्रकच्या मागे बसला. आदळताना वेग फार नसावा. तीस, पस्तीस. माझ्या आणि बीवीच्या छातीवर पट्ट्याचे वळ उठले, बाकी काही नाही. गाडीची डावी बत्ती आणि फेंडर गेला.

मागे अम्मी पुढच्या सीटच्या पाठीवर खांद्याने आदळली होती. लेक तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली, ती दोन्ही सीटच्या मधल्या खाचेत पडली आणि कपाळ फुटले. मी मागचे दार उघडले तेव्हा अम्मी एकच म्हणत होती, "पोरीला बघ, पोरीला बघ." तिचा स्वतःचा उजवा हात कसा लोंबत होता ते तिला दिसत नव्हते.

तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झालेली नव्हती. भाजी घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. त्या माणसाने अर्धी भाजी रस्त्याकडेला उतरवली, अम्मीला गोणपाटावर झोपवले आणि दवाखान्यापर्यंत नेले. दारात आम्हाला उतरवून तो निघाला. मी नाव विचारले तर हात जोडून म्हणाला, "नाव नको साहेब, पोलिस बोलावतील." पैसेही घेतले नाहीत. त्याला मी आजपर्यंत शोधतो आहे. आज तशी वेळ कुणावर आली तर घाबरू नये. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि नंतर २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यानेच, कलम १३४अ मध्ये, मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. जखमीला पोचवून तो निघून जाऊ शकतो. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर नाही, साक्षीदार व्हायचे की नाही ही त्याची मर्जी. पहिला तास हाच जीव वाचवण्याचा. त्या तासात भाजीच्या टेम्पोलाही रुग्णवाहिकेची किंमत येते.

लेकीच्या कपाळाला सहा टाके पडले. केसांखाली व्रण आहे, कुणाला दिसत नाही. अम्मीच्या दंडाचे हाड खांद्याजवळ मोडले होते. ऑपरेशन झाले, सळई घातली, आठ महिने व्यायाम केला, पण हात पूर्ण वर गेला नाही तो नाहीच. फळीवरचा डबा काढता येत नाही. केस विंचरायला सून किंवा नात लागते. नमाजला उभी राहिली की डावा हात कानापर्यंत जातो, उजवा खांद्यापाशी थांबतो. सोळा वर्षे मी ते रोज पाहतो आहे.

अपघाताची गोष्ट आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली आहे. त्यात ट्रकवाला असतो, फांदी असते, समोरचा अप्पर असतो, पाऊस असतो, सरकारचा रस्ता असतो. हे सगळे होतेच. सीट कव्हर मात्र त्या गोष्टीत कधी नसायचे. गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी रात्री गॅरेजच्या अंधारात बसून मी ब्लेडने ती चार ठिकाणी कापली आणि बक्कले बाहेर काढली. कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

वलिम्यानंतर दोन दिवसांनी भाचा घरी आला. ओटीवर बसून पुन्हा गाड्यांची यादी. त्याची धाकटी माझ्या मांडीवर. बोलता बोलता तो म्हणाला, "मामू, विमानतळापासून गावापर्यंत पाच-सहा तास ती एका जागी बांधून बसत नाही. एवढ्यानं काय होतंय? तुम्ही आम्हाला मारुतीच्या डिकीत बसवून नेलंय." ते खरे होते. आठशेच्या मागच्या काचेखाली त्याला आणि त्याच्या भावाला कोंबून मी तीनदा तरी नेले असेन. म्हणून मग मी त्याला कव्हरची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. "मागे कोण लावतं?" हे माझे वाक्यसुद्धा.

मला वाटले होते अम्मी आत झोपली आहे. ती दाराच्या आत खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. माझे बोलणे संपले आणि आतून आवाज आला, "मला ठाऊक होतं."

मी उठून आत गेलो.

"पोरगी त्या दिवशी म्हणत होती, दादी, बेल्ट लाव, शाळेत सांगितलंय. पनवेल सोडल्यावरच म्हणाली. मी हात घालून घालून बघितलं. खाली काहीतरी टणक लागत होतं, पण वर कापड. म्हटलं तुला थांबायला सांगावं. मग म्हटलं तुझी नवी कव्हरं, ओढाताणीत फाटायची. तू किती खुशीत होतास." मग डाव्या हाताने उशी सरळ करत म्हणाली, "मी सफरची दुआ पढले आणि पोरीला मांडीवर निजवली."

मी काय बोलणार होतो? तिने पाणी मागितले, मी आणून दिले. बाहेर आलो तेव्हा भाचा मोबाइल खिशात घालून गप्प बसला होता. धाकटी त्याच्या खांद्यावर झोपली होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही शोरूमला गेलो. भाचा, त्याची बायको आणि मी. विक्रेता मुलगा चुणचुणीत होता. पडदा किती इंचाचा, गाडीशी बोलून काच कशी उघडते, पायाखाली निळा दिवा कसा लागतो, सगळे त्याने करून दाखवले. मी मागचे दार उघडून मधल्या जागेवर जाऊन बसलो आणि तिन्ही पट्टे एकेक करून ओढले. खटक-खटक लावून पाहिले. मधला पट्टा तीन टोकांचा आहे की नुसता कमरेचा, हे त्या बिचाऱ्याला कोणी विचारलेले नव्हते. तो मॅनेजरला विचारायला गेला. भाच्याच्या बायकोने मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते स्वतःच बोटांनी चाचपून काढले. तिला तिकडची सवय. चालवून बघायला निघालो तेव्हा एक गंमत झाली. डावीकडे वळायचे म्हणून भाच्याने दांडी ओढली आणि कोरड्या ठणठणीत उन्हात वायपर फिरायला लागले. तिकडच्या गाडीत इंडिकेटर डाव्या हाताला असतो, या गाडीत उजव्या. पहिल्या चौकात तो रस्त्याच्या उजव्या बाजूलाही शिरला असता, मी हाताला धरले. आखातातून आलेल्या माणसाने पहिले दोन दिवस स्टिअरिंगला हात लावू नये, हे आणखी एक मत माझ्याकडे आहे. पण ते त्या वेळी मी गिळले.

गाडी ठरली. सनरूफ आहे. मुलांपुढे बापाचे चालत नाही, मामाचे कुठून चालणार. काच आतून उघडायचे बटण बंद करून ठेवता येते का, हे मात्र त्याने दोनदा विचारले.

सही करायच्या वेळी विक्रेत्या मुलाने एक जाडजूड वही समोर सरकवली, रंगीत नमुन्यांची. "सर, फेस्टिव्हल ऑफर आहे. सीट कव्हर फ्री. हे टॅन बघा, फुल फिटिंग, एक सुरकुती दिसणार नाही."

भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही. वही मिटून त्याने परत सरकवली आणि म्हणाला, "कव्हर राहू द्या. त्याऐवजी मागच्या बक्कलांची तेवढी माहिती लिहून द्या, आमच्या नानीला लावता आली पाहिजेत. तिचा उजवा हात वर जात नाही."

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, "डाव्या बाजूला बसवा ना सर त्यांना. तिथं पट्टा डाव्या हातानं खेचता येतो. बक्कल उजवीकडं येईल, पण ते खालीच असतं, त्याला हात वर न्यावा लागत नाही."

चाळीस वर्षे गाड्या बघतो आहे. हे मला सुचले नव्हते.